शाळा सोडल्याचें कारण

शाळेच्या दाखल्यावर एक रकाना असतो : 'शाळा सोडल्याचें कारण.' महाविद्यालयांतील प्रवेशाच्या दिवसांत असले शेंकडों दाखले गेलीं पंचवीस-तीस वर्षें आमच्या हाताखालून गेले आहेत. त्या रकान्यांत बहुधा दोनच मजकूर आढळतात. एक 'परीक्षा उत्तीर्ण', आणि दुसरा 'पालकांच्या विनंतीवरून'. मुलगा दुसऱ्या शाळेंत जावो किंवा ऊसतोडीला जावो, बाप दारूनें गेलेला असो किंवा मुलीचें लग्न ठरलेलें असो, दप्तरीं विनंति ती पालकांचीच. आणि ज्यांच्या बाबतींत खरोखर कांहीं लिहिण्यासारखें असतें तीं मुलें दाखला मागावयास सहसा येतच नाहींत. मराठींत 'शाळा सुटणें' असाहि एक प्रयोग आहे. घंटा झाली म्हणजे शाळा सुटते, आणि विहिरीवर हातांतून दोर सुटावा तशीहि शाळा सुटते. दाखल्यानें मात्र 'सोडणें' हेंच क्रियापद पसंत केलें आहे. म्हणजे कर्ता मूल, आणि जबाबदारीहि त्याचीच.

हा रिकामा रकाना गेल्या शंभर वर्षांत कोणीं भरला असेल तर तो मराठी आत्मचरित्रकारांनीं. लहानपणच्या आपत्तीचा आणि पुढें शाळा पुरी होण्या-न होण्याचा संबंध काय, हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल त्यानें शासकीय अहवाल खुशाल वाचावे. पण 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या', 'झोंबी', 'आयदान' हीं पुस्तकें वाचल्यावांचून त्याचें ज्ञान पुरें होणार नाहीं. आमची तक्रार या पुस्तकांविषयीं नाहीं. तीं वाचण्याच्या आपल्या पद्धतीविषयीं आहे. सुशिक्षित कुटुंबांत हीं पुस्तकें विकत घेतलीं जातात, वाढदिवसाला भेट दिलीं जातात, आणि वाचून झाल्यावर घरांतील नववींतल्या चिरंजिवांस ऐकविलें जातें कीं, बघ, तो मुलगा गुरें राखून शिकला, तुला तर वेगळी खोली आहे ! म्हणजे आपत्ति ही एक प्रकारची कडक शिकवणी होय, आणि ज्याला शिकावयाचें असतें तो शिकतोच, असा या पुस्तकांचा निष्कर्ष ठरून जातो. गुणगौरव-समारंभांतील भाषणें तर 'परिस्थितीवर मात' या शब्दांवांचून पुरीं होतच नाहींत. आमचें म्हणणें असें कीं, हा निष्कर्ष पुस्तकांत नाहीं. पुस्तकें सावकाश वाचलीं तर त्यांची साक्ष नेमकी उलट बाजूची आहे.

वाचनाची ही संवय आली कोठून ? आमच्या मतें ती जुन्या आत्मचरित्रांवरून आली. धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' 1915 सालीं प्रसिद्ध झालें. मुरुडचा हा मुलगा 1875 सालीं परीक्षेसाठीं घाट चढून पायीं साताऱ्यास गेला, आणि तो सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. मॅट्रिक होण्यास त्याला 1881 साल उजाडलें. तेव्हां त्याचें वय तेवीस होतें. ही हकीकत पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगितली गेली, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण तींतील आपत्ति कोणत्या जातीची आहे तें पाहावें. पैसा नाहीं, वाट दूर आहे, परीक्षक आडमुठे आहेत. परंतु घर शाळेच्या बाजूचें आहे. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्यें दारिद्र्य आहे, कर्ज आहे, अपमान आहेत आणि शेवटीं आईचा मृत्यूहि आहे ; पण त्या सर्व प्रकरणांत मुलाचा हात आईनें सोडलेला नाहीं. वाचक रडतो, आणि रडतांना त्याला मनांतून ठाऊक असतें कीं, हा मुलगा तरणार आहे.

आणखी एक गोष्ट या जुन्या चरित्रांत इतकी उघड्यावर पडलेली आहे कीं ती कोणाला दिसत नाहीं. गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं, असे सात वार आणि सात घरें. आपण त्याला स्वावलंबनाचें उदाहरण समजतों. वस्तुतः त्याच्यासारखी परावलंबनाची सुंदर व्यवस्था दुसरी नसेल. एका मुलाच्या शिक्षणाला सात चुली लागलेल्या असत. त्या मुलाची जिद्द खोटी नव्हे ; पण ती जिद्द उपाशी ठेवावयाची नाहीं असें एका समाजानें ठरविलेलें होतें, आणि तो समाज आपल्या जातीपुरतें तसें ठरवीत असे. चरित्र छापतांना जिद्दीचें प्रकरण मोठें झालें आणि चुलींचें लहान.

1978 सालीं दया पवारांचें 'बलुतं' आलें आणि हें चित्र पार बदललें. येथें आपत्ति दाराबाहेर उभी नाहीं, ती घरांत राहावयास आहे. मुंबईच्या कावाखान्यांतील खोली, बापाचें व्यसन, गांवकुसाबाहेरचें जिणें, आईचे कष्ट, आणि या सर्वांतून संगमनेरच्या बोर्डिंगांत पोंचलेला दगडू मारुती पवार. यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जीं आत्मकथनें आलीं त्यांत बाप मारतो, किंवा नसतो, किंवा बापाचें नांवच सांगतां येत नाहीं. बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर असतें, किंवा पोलिसांच्या भयानें रातोरात हलतें. अशा घरांतील मुलाचें चौदाव्या वर्षीं काय होतें हा प्रश्न 'आत्मवृत्ता'पुढें पडलेलाच नव्हता. आपण मात्र जुनी किल्ली घेऊन या नव्या कुलपाशीं खटपट करीत बसलों.

या सर्वांत आम्हीं वारंवार वाचलेलें पुस्तक म्हणजे आनंद यादव यांची 'झोंबी'. 1987 सालीं ती प्रसिद्ध झाली आणि 1990 सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. स्थळ कोल्हापूरजवळचें कागल. ज्या घाटगे घराण्यांतून शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले त्यांचें हें गांव. महाराजांनीं 1917 सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें आणि मोफत केलें होतें. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनीं या गांवांतला एक बाप आपल्या पोराला शाळेंतून काढून मळ्यावर जुंपतो. पोराला शिकावयाचें आहे. तें बापाला सांगण्याची छाती त्यालाहि नाहीं आणि त्याच्या आईलाहि नाहीं. तेव्हां दोघें मिळून बेत करतात, आणि गुपचूप दत्ताजीराव देसाई सरकारांकडे जाऊन गाऱ्हाणें सांगतात. देसाई बापाला वाड्यावर बोलावून खडसावतात. बाप आपल्या बचावासाठीं पोराचे खरेखोटे दुर्गुण पुढें मांडतो : हा शेण्या विकतो, वैरण विकतो, सिनेमा पाहतो, जुगार खेळतो. शेवटीं अटी ठरतात. पहांटेपासून अकरापर्यंत मळा, मग शाळा, शाळेवरून आल्यावर गुरें, आणि मळ्यांत काम फार असेल त्या दिवशीं शाळा बंद. एवढ्या अटींवर एका मुलाला पांचवीच्या वर्गांत पुन्हां बसावयास मिळतें.

हें प्रकरण वाचून लोक म्हणतात, काय ही शिकण्याची तळमळ ! तळमळ आहेच. पण तळमळ आदल्या दिवशींहि होती, आदल्या वर्षींहि होती, आणि तेव्हां तो मुलगा मळ्यांत पाणी पाजीत होता. बदललें काय ? आईनें नवऱ्याच्या भीतीवर एक संध्याकाळपुरती मात केली. आणि ज्याच्यापुढें बापाची मान वर होत नव्हती असा एक माणूस गांवांत होता, त्याच्या मनांत त्या दिवशीं न्याय करावयाचें आलें. देसायांची ही सत्ता सरंजामी होती हें खरें. आमच्यासारख्या लोकशाहीवादी वाचकाला ती थोडी अवघडहि वाटते. पण त्या सत्तेवांचून 'झोंबी'चा नायक मॅट्रिक झाला असता असें म्हणावयास पुस्तकांत यत्किंचितहि आधार नाहीं. लेखकानें ही गोष्ट लपविलेली नाहीं. आपण ती वाचतांना ओलांडून जातों.

पुढील भाग आम्हांला त्याहूनहि महत्त्वाचा वाटतो. शाळेंत परत येणें म्हणजे सर्व संपलें असें नव्हे. खरें संकट तेथून सुरू होतें. बरोबरीचीं मुलें वर्ग पुढें गेलेलीं, सभोंवतीं लहान आणि अनोळखी पोरें, अंगावर मळ्यांतले कपडे, आणि पहिल्याच दिवशीं एक वांड मुलगा त्याचा गमछा ओढून थट्टा करतो. आपण कोठल्या जगांत आलों असें त्या मुलाला होतें. शाळा सुटलेलीं मुलें आम्हीं जीं पाहिलीं त्यांत घरच्या मारानें सुटलेलीं थोडीं आणि या लाजेनें सुटलेलीं पुष्कळ. घरांतील आपत्ति मुलाला एक-दोन वर्षें मागें टाकते. उरलेलें काम वर्ग करतो. वयानें मोठें मूल खालच्या वर्गांत बसलें कीं तें बाकाच्या कडेला सरकतें, मग दाराकडे, आणि एक दिवस दाराबाहेर. त्या दिवशीं बापानें 'येतोस का कामाला' एवढेंच विचारावें लागतें.

'झोंबी'तला मुलगा दाराबाहेर गेला नाहीं, कारण वर्गांत दोन माणसें होतीं. गणिताचे मंत्री मास्तर, ज्यांचा दरारा मोठा होता पण अभ्यास करणाऱ्यावर जीवहि होता ; आणि मराठीचे सौंदलगेकर मास्तर, जे स्वतः कविता करीत आणि वर्गांत चालीवर म्हणून दाखवीत. वसंत पाटील नांवाचा एक शांत, हुशार मुलगा होता, त्याचें पाहून पाहून हा गणितें सोडवूं लागला. मास्तर त्याला 'आनंदा' म्हणूं लागले. घरीं तो 'आंद्या' होता. ही बाब लहानशी दिसते, पण आमच्या मतें सबंध पुस्तकाची खीळ तीच आहे. ज्या मुलाला घरीं दोन हात आणि एक पोट यापलीकडे अस्तित्व नाहीं त्याला कोणीं तरी त्याच्या पुऱ्या नांवानें हांक मारली. मग मळ्यांत पाणी पाजतांना तो मास्तरांच्या चालीवर कविता म्हणूं लागतो, कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काटकीनें ओळी लिहितो. पूर्वी जो एकांत खायला उठे तोच आतां त्याला हवासा वाटूं लागतो.

'झोंबी' फार लांबली आहे, तेंच तें पुन्हां पुन्हां येतें, असा आक्षेप आम्हीं अनेक रसिकांकडून ऐकला आहे. पुन्हां मार, पुन्हां उपास, पुन्हां आईचें बाळंतपण, पुन्हां शाळेंत खंड. कलादृष्ट्या कांहीं पानें कमी करतां आलीं असतीं हें आम्हांलाहि मान्य आहे. तथापि हा आक्षेप विषयाचें मर्म न कळल्यानें होतो. आपत्तीचा स्वभावच पुनरावृत्तीचा आहे. एका घावानें मूल मोडत नाहीं. घाव मोजतां येईनासे झाले म्हणजे मोडतें. योगायोगाची गोष्ट अशी कीं, 'झोंबी'नंतर दहा-अकरा वर्षांनीं अमेरिकेंतील वैद्यकशास्त्रानेंहि हेंच सांगितलें. सॅन डिएगो येथें फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनीं 1998 सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयीं विचारलें होतें : मारहाण, अत्याचार, आईवर होणारी जबरदस्ती, घरांतील व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास. निम्म्याहून अधिक लोकांनीं यांपैकीं एक तरी प्रकार भोगलेला होता, आणि चौथ्या हिश्श्यानें दोन किंवा अधिक. मुख्य शोध असा कीं, एकेका आपत्तीपेक्षां आपत्तींची बेरीज माणसाला भोंवते. ती पाहणी पुढील आयुष्यांतील रोगांविषयीं होती. पण नंतर मुलांच्या शिक्षणाविषयीं ज्या पाहण्या झाल्या त्यांतहि हीच बेरीज दिसून आली. जसजशा आपत्ति वाढतात तसतसें वर्गांत मागें पडणें, गैरहजर राहणें आणि शेवटीं शाळा सुटणें वाढतें. सतत भयांत असलेल्या मुलाचें शरीर सदैव पळण्याच्या तयारींत असतें. झोंप लागत नाहीं, लक्ष टिकत नाहीं, आणि फळ्यावरील गणित डोक्यांत शिरण्याआधींच निसटतें. मास्तर त्याला 'ढ' म्हणतात.

या पाहणींतील लोक कोण होते, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ते विमा उतरलेले, बहुतेक कॉलेजांत गेलेले, सुस्थितींतले लोक होते. म्हणजे ज्याला आपण आपत्ति म्हणतों ती झोपडपट्टींतच राहते असें नव्हे. ती आपल्या सोसायटींत दुसऱ्या मजल्यावरहि राहते, फक्त तेथें दार लावून घेण्याची सोय असते. त्याच वेळीं हेंहि म्हटलें पाहिजे कीं, अमेरिकन डॉक्टरांच्या त्या पहिल्या यादींत दारिद्र्य नव्हतें, जात नव्हती, आणि पोट भरण्यासाठीं वर्षांतून सहा महिने गांव सोडणें नव्हतें. ती यादी आपल्याकडे पुरी करावयाची तर मराठी आत्मकथनेंच उघडावीं लागतील.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'मध्यें (1984) आई महार आणि जन्मदाता सवर्ण जमीनदार. शाळेंत नांव घालतांना प्रश्न येतो : बापाचें नांव काय ? या एका प्रश्नाभोंवतीं सबंध पुस्तक फिरतें. किशोर शांताबाई काळे यांनीं 'कोल्हाट्याचं पोर' (1994) लिहितांना त्या प्रश्नाचें उत्तर आपल्या नांवांतच आईचें नांव घालून दिलें. ते डॉक्टर झाले. पण त्या रकान्यापाशीं अडलेलीं किती मुलें कोणत्या तमाशाच्या तंबूमागें राहिलीं याचा हिशोब नाहीं. महाराष्ट्र शासनानें 2024 सालीं कागदपत्रांवर आईचें नांव लिहिणें आवश्यक केलें. मराठी वाङ्मयानें ही मागणी त्याआधीं चाळीस वर्षें केली होती, आणि ती साहित्य-संमेलनाच्या ठरावांत नव्हे, शाळेच्या दारांत.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (1987) तर याहून विलक्षण प्रसंग आहे. ज्या जमातीला 1871 च्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें आणि तो कायदा 1952 सालीं रद्द झाल्यावरहि ज्यांच्या मागची पोलिसांची काठी सुटली नाहीं, त्यांतला एक बाप, मार्तंड, आपल्या पोराला शाळेंत घालतो. त्याच सुमारास वस्तींत पोरांना जुलाब-वांत्या होतात. आणि जाणती माणसें म्हणतात कीं, मार्तंडाचें पोर शाळेंत जाऊं लागलें म्हणून हें अरिष्ट आलें. हंसूं येतें, आणि दुसऱ्या क्षणीं तें गळ्यांत अडकतें. कारण त्या लोकांचा अनुभव त्यांच्या तर्काला धरूनच होता. गांवांतील पांढरपेशांच्या दाराशीं त्यांच्यापैकीं जो गेला त्याच्या मागोमाग आजवर कोणतें ना कोणतें अरिष्ट आलेंच होतें. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तला (1980) कैकाडी बापहि मुलाला शिकवावयाचें म्हणून हट्ट धरतो. पण बिऱ्हाड गाढवांवर आणि पोट टोपल्यांवर, तेव्हां एका गांवीं शाळेंत नांव घातलें न घातलें तोंच पुढचें गांव येतें. आपल्या राज्यांत ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर दिवाळीनंतर जीं मुलें बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे जातात त्यांची हकीकत वाचावयाची असेल तर 'उपरा' आजहि शिळें झालेलें नाहीं. त्यांच्यासाठीं हंगामी वसतिगृहें काढण्याची योजना आहे. तिचें मूळ आम्हांला शाहू महाराजांच्या आणि भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगांत दिसतें. या दोघांना जें कळलें होतें तें असें कीं, शाळेच्या आधीं चूल पाहिजे. ब्राह्मणांच्या मुलांना सात वारांच्या सात चुली होत्या. इतरांसाठीं एक मोठी चूल पेटविणें भाग होतें.

या सर्व पुस्तकांत मुलाला कोणी तरी धरून ठेवतो, आणि तो बहुधा एकच असतो. हवाई बेटांपैकीं कवाई येथें एमी वर्नर या विदुषीनें 1955 सालीं जन्मलेल्या 698 मुलांचा पाठपुरावा अनेक दशकें केला. त्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश मुलें अनेक आपत्ति घेऊनच जन्मलीं होतीं : दारिद्र्य, आईबापांतील कलह, व्यसन, मानसिक आजार. त्यांपैकीं दोन-तृतीयांश मुलें शाळेंत किंवा कायद्याच्या कचाट्यांत अडखळलीं. एक-तृतीयांश मात्र चांगलीं निघालीं. त्यांच्या आयुष्यांत काय होतें तें शोधतां असें आढळलें कीं, स्वभावाचा भाग कांहीं होताच, पण जवळ जवळ प्रत्येकाला निदान एक भरंवशाचें मोठें माणूस लाभलें होतें. आजी, मावशी, शेजारी, किंवा शिक्षक. हें वाचल्यावर आम्हांला सौंदलगेकर मास्तर आठवले. पण लोक या संशोधनांतील तेवढाच एक-तृतीयांश उचलतात आणि त्याचें सुभाषित करतात. उरलेले दोन-तृतीयांश कोठें जातात ? आणि त्याच अभ्यासांतील दुसरी गोष्ट तर कोणी सांगतच नाहीं : अडखळलेल्या मुलांपैकीं बरींच पुढें तिशी-चाळिशींत सांवरलीं, कारण त्यांना शिक्षणाचें किंवा कामाचें दुसरें दार उघडें मिळालें. आपल्याकडे अशीं दारें आहेत ; मुंबईंतील रात्रशाळा आहेत, बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा अर्ज आहे. त्यांच्यावर मराठींत किती लिहिलें गेलें ? दिवसा शिकून वर आलेल्यांचीं चरित्रें कपाटभर, आणि दिवसभर राबून रात्रीं दहाला बीजगणित सोडविणाऱ्याचें एखादें.

मुलींकडे वळलें म्हणजे हा पक्षपात अधिक उघडा होतो. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्यें (2003) लेखिका तिसरींत असतांना वडील वारतात. ते शिक्षक होते, आणि पोरांना शिकवावयाचें हा त्यांचा ध्यास आईनें पुढें चालविला, आयदानें विणून विकून. शाळेंत शेण काढण्यावरून मास्तर मुलीला थप्पड मारतात. आई विणतां विणतां त्या मास्तरांना रस्त्यांत अडवून जाब विचारते, आणि पुढें शाळा मुलीला पुष्कळ सुसह्य होते. देसायांच्या वाड्याला जें साधलें तें येथें एका विधवेच्या तोंडानें साधलें. हा प्रसंग आम्ही 'झोंबी'तील प्रसंगाच्याहि वर ठेवूं. कारण या आईच्या पाठीशीं कोणतीच सत्ता नव्हती. याउलट बेबी कांबळे यांची शाळा चौथीनंतर सुटली आणि तेराव्या वर्षीं लग्न झालें. 'जिणं आमुचं' (1986) हें पुस्तक त्यांनीं लिहिलें तें घरच्यांपासून वर्षानुवर्षें लपवून. शाळा पुरी न झालेल्या व्यक्तीनें लिहिलेलें आणि मराठींत टिकलेलें असें हें पुस्तक आहे, आणि त्यांत परिस्थितीवर मात वगैरे कांहीं नाहीं. लेखिका 'मी' म्हणण्यापेक्षां 'आम्ही' अधिक म्हणते. जी मागें राहिली तिला एकटीची कथा सांगतांच येत नाहीं. तिच्याभोंवतीं मागें राहिलेल्या सगळ्याजणी असतात.

आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची ही जन्मजात अडचण आहे. तें लिहिण्यास शाळा लागते. म्हणून शाळा सुटण्याची कथा आपल्याला नेहमीं ज्याची शाळा सुटली नाहीं तोच सांगणार. चांगला लेखक ती अडचण ओळखतो, आणि आपल्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला पुस्तकांत जागा देतो. सामान्य लेखक फक्त स्वतःच्या पायांतले कांटे मोजतो. या कसोटीवर 'बलुतं' आणि 'उचल्या' चांगलीं उतरतात, कारण त्यांत वस्ती दिसते. आमच्या टीकाकारांनीं मात्र या पुस्तकांचें मोल दाहक अनुभव, रांगडी बोली, प्रामाणिकपणा, इतक्यांतच संपविलें ; यांत कोणाकोणाची शाळा कोणत्या इयत्तेंत सुटली एवढी साधी यादी कोणी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. पाठ्यपुस्तकांनीं त्यावर कळस चढविला. 'झोंबी'चा एक भाग हिंदींत 'जूझ' या नांवानें बारावीच्या पुस्तकांत गेला. निवड उत्तम आहे, पण तो भाग देसायांच्या न्यायानें सुरू होऊन कवितेच्या आनंदांत संपतो. मूळ पुस्तकांत त्या आनंदानंतरहि मळा आहे, मार आहे आणि खंड आहेत. विद्यार्थ्याला वाटतें, सुटला एकदांचा.

2009 च्या कायद्यानें सहा ते चौदा या वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. चौदावें म्हणजे आठवी. 'झोंबी'तला बाप आज असता तर त्यानें आठवीपर्यंत वाट पाहिली असती, आणि नववींत कायद्याचा हात संपतो तेथें पोराच्या हातांत दोर दिला असता. शासनाच्या आंकड्यांतहि गळति वाढते ती तेथेंच. या 'गळति' शब्दाविषयीं एक शब्द. गळतें तें भांडें. दोष पाण्याचा कोणी म्हणत नाहीं. आपल्या अहवालांनीं शब्द योग्य निवडला, पण पुढच्याच वाक्यांत मुलांच्या अनास्थेचीं कारणें शोधावयास घेतलीं.

'झोंबी'तल्या बापाविषयीं मात्र आमचें समाधान होत नाहीं. लेखकानें त्याला न्याय देण्याचा प्रयत्न केला आहे. तरीहि तो आपल्याला मुलाच्या डोळ्यांनींच दिसतो. दुसऱ्याची जमीन कसणारा, गुऱ्हाळ लवकर लावलें तर गुळाला चार पैसे अधिक मिळतील या हिशोबांत अडकलेला, घरीं मारणारा आणि वाड्यावर मान खालीं घालणारा हा माणूस. याची शाळा कोणीं सोडविली होती? त्याच्या बापानें, कीं त्याला कधीं शाळा होतीच नाहीं ? त्याला लिहितां आलें असतें तर त्यानें कोणतें कारण लिहिलें असतें, हें चारशें-साडेचारशें पानांच्या कथेंत आपल्याला कळत नाहीं. ज्यांना 'झोंबी' आवडली त्यांनीं 'नांगरणी' (1990) आणि विशेषतः 'घरभिंती' (1992) हे पुढील भाग अवश्य वाचावे. ते 'झोंबी'इतके लोकप्रिय झाले नाहींत, आणि त्याचें कारणहि उघड आहे. मॅट्रिक झालेला मुलगा तेथें नोकरीला लागतो, शहरांत बिऱ्हाड करतो, आणि मग मागें मळ्यांत राहिलेलीं भावंडें एक एक करून त्याच्या दाराशीं येऊं लागतात.